कास्ट आयर्न बुलेटमध्ये बाजारातले कॅम गिअर बसवताना

बुलेटच्या इंजिनाला उजव्या बाजूने अॅल्युमिनियमचं एक मोठं कव्हर असतं. ते टायमिंग कव्हर. त्याच्या आत क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकावरचा पिनियन म्हणजे छोटा गिअर, इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅम गिअर आणि पुढे ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर फिरवणारे मधले गिअर एकमेकांत दाते अडकवून उभे असतात. चेन नाही, पट्टा नाही, टेन्शनर नाही. पोलादाचे गिअर आणि त्यांना भिजवणारं ऑईल, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. जुन्या बुलेटची ही रचना मला फार आवडते, कारण ती हाताने समजून घेता येते.

हे गिअर झिजले की इंजिन खडखडायला लागतं. मग बाजारातून नवा सेट आणायचा आणि बसवायचा, इतकं हे काम वरवर सोपं दिसतं. बसवणं सोपं आहेही. पण बाजारातला सेट कंपनीच्या डब्यातला नसतो. त्याची जुळणी तुमच्या इंजिनाशी झालेली नसते, ती तुम्हालाच करावी लागते. पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांचा सगळा भर कव्हर उघडण्या-लावण्यावर असतो आणि मधली तपासणी राहून जाते. म्हणून या लेखात त्या तपासणीवर मी सर्वात जास्त वेळ घालवणार आहे.

ज्यांनी निदान ऑईल बदललंय, टॅपेट सेट केलेत (म्हणजे कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या भागांमधली फट लावलीय) आणि पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या उघड-मीट करणाऱ्या संपर्कांचा, गॅप लावलाय, त्यांनीच याला हात घालावा. ते केलं नसेल तर आधी ते शिका. इथे पुढे तीच कामं पुन्हा लागणार आहेत.

आधी इंजिन ओळखा

नुसतं "बुलेट" म्हणून दुकानात गेलात तर चुकीचा सेट गळ्यात पडेल. हा लेख आहे कास्ट आयर्न सिलिंडरच्या ३५० बुलेटसाठी: ३४६ सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, इंजिनापासून सुटा गिअरबॉक्स आणि सिलिंडरच्या मागे डिस्ट्रिब्युटर. इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून आलेली ही रचना १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिल्यावर आपल्याकडे रुजली आणि पुढे कित्येक दशकं टिकली.

२००९ साली क्लासिक आली तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आहेत. तिच्यातही कॅम गिअरनेच फिरतात, पण टॅपेट हायड्रॉलिक आहेत, त्यामुळे पुशरॉड (टॅपेटचा धक्का वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्या) सेट करण्याचं काम पूर्ण वेगळं. २०२० च्या मीटिअरपासून आलेल्या इंजिनात तर कॅम वर सिलिंडर हेडमध्ये गेला आणि चेन आली. त्या गाड्यांना इथली पद्धत लावू नका. मधल्या काळातल्या अॅल्युमिनियम सिलिंडरच्या गाड्यांचेही भाग वेगळे आहेत. शंका असेल तर इंजिन नंबर लिहून घ्या आणि शक्यतो जुना गिअर काढून सोबत न्या.

आवाज गिअरचाच आहे ना?

जुनी बुलेट गप्प कधीच नसते. टॅपेटची टिकटिक, थंड इंजिनात पिस्टनची थाप, डाव्या बाजूला इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनचा घासल्यासारखा आवाज, हे सगळं चालू असतं. लांब दांड्याचा डिसमिस घ्या, त्याचं टोक कव्हरवर टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. टायमिंग कव्हरवर, सिलिंडरवर, रॉकरच्या झाकणावर आणि डाव्या कव्हरवर असं क्रमाने ऐका. हलत्या भागांपासून आणि तापलेल्या बेंड पाइपपासून (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) हात लांब ठेवा.

गिअर सैल असतील तर आयडलिंगला खडखड येते आणि थ्रॉटल किंचित दिला की ती कमी होते, कारण दात्यांवर एकाच बाजूने दाब येतो. गिअर घट्ट असतील तर खडखडीऐवजी सूर लागतो आणि आरपीएम वाढेल तसा तो चढत जातो. टॅपेट सेट केल्यावर आवाज गेला, तर प्रश्न टॅपेटचाच होता. कव्हर उघडू नका.

आणखी एक शक्यता आधीच मनात ठेवा. क्रँकचं उजव्या बाजूचं मेन बेअरिंग गेलं असेल तर पिनियन जागेवर स्थिर फिरत नाही. तो कधी कॅम गिअरच्या जवळ जातो, कधी लांब. अशा इंजिनात कितीही चांगले गिअर घातले तरी आवाज राहणार आणि नवे दाते लवकर खराब होणार. कव्हर उघडल्यावर पहिली तपासणी याचीच करायची आहे.

खरेदी

मुंबईत सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउसच्या भागातली दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड हे ओळखीचे पत्ते आहेत. चोरबाजारात जुना अस्सल माल मिळू शकतो, पण वापरलेला कॅम गिअर डोळे झाकून घेऊ नका. कॅमच्या टोकावर बारीक खड्डे पडलेले असतात आणि दुकानातल्या अंधुक उजेडात ते दिसत नाहीत. हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटला जा. फिलर गेज, व्हर्निअर, पिनियनचा पुलर आणि नायलॉनच्या तोंडाची हातोडी एकाच फेरीत होईल.

पिनियन आणि दोन्ही कॅम एकाच उत्पादकाचे आणि एकत्रच घ्या. नुसता एक कॅम गिअर बदलायचा मोह होतो, कारण दुसरा बरा दिसतो. तो टाळा. याचं कारण गिअरच्या गणितात आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणजे कॅमच्या गिअरला पिनियनच्या बरोबर दुप्पट दाते. त्यामुळे पिनियनचा एक ठरावीक दाता कॅमच्या त्याच दोन दात्यांना आयुष्यभर भेटत राहतो. झीज सगळ्या दात्यांवर सारखी वाटली जात नाही, जोड्या जोड्यांनी होते. झिजलेल्या पिनियनला नवा कॅम गिअर दिला की जुन्या दात्यांचा आकार नव्यावर उमटतो.

दुकानात उभं राहूनच काही गोष्टी बघून घ्या. दात्यांच्या कडेवरून नख फिरवा, कुस लागता कामा नये. गिअर काचेवर आडवा ठेवा, डुगडुगला तर चेहरा सपाट नाही. आतला भोकाचा भाग गुळगुळीत हवा. सर्वात महत्त्वाचं, जुना आणि नवा कॅम एकाच सळईवर शेजारी शेजारी ओवा, दोघांच्या टायमिंगच्या खुणा एका रेषेत आणा आणि कॅमची नाकं एकाच दिशेला येतात का ते बघा. खूण एका दात्याने जरी सरकलेली असली तरी गिअर बसेल, कव्हर लागेल आणि गाडी मात्र ओढणार नाही. मग तुम्ही कार्बोरेटरमध्ये दोष शोधत बसाल. व्हर्निअरने कॅमची उंची आणि पाठीचा (नाक सोडून उरलेल्या गोल भागाचा) व्यासही जुन्याशी ताडून पाहा. जुना कॅम झिजलेला असल्यामुळे केसभर फरक पडेलच, पण आकारच वेगळा दिसला तर तो सेट तुमच्या गाडीचा नाही.

दुकानदार कधी "हाय लिफ्ट" कॅम दाखवतो. पहिल्या कामासाठी तो नको. व्हॉल्व्ह जास्त उघडला की स्प्रिंग पूर्ण दाबली जाते का, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का, हे सगळं मोजावं लागतं, आणि ते मोजायला सिलिंडर हेड उतरवावं लागतं. शिवाय गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. मूळ मापाचे गिअर बदलणं ही दुरुस्ती आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

सेटसोबत टायमिंग कव्हरचं पॅकिंग, ऑईल फिल्टर आणि क्रँकच्या टोकावर बसणारी कॉर्कची किंवा रबराची सील आणा. ही सील बोटाच्या पेराएवढी आहे, पण ती विसरलात तर सगळं काम वाया. कारण पुढे येईलच.

जागा आणि हवा

सोसायटीच्या आवारात काम करणार असाल तर वॉचमनला आणि शेजारच्या गाडीवाल्याला आधी सांगा, कारण गाडी एक-दोन दिवस तिथून हलणार नाही. पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची मोठी शीट खाली घाला. टायमिंग कव्हर निघताना ऑईल निघणारच, आणि फरशीवरचा काळा डाग पुढच्या मीटिंगमध्ये विषय होतो. निघालेलं ऑईल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, तिथून ते पुनर्प्रक्रियेला जातं.

पावसाळ्यात हे काम शक्यतो काढू नका. काढावंच लागलं तर उघडे गिअर आणि उघडं इंजिन रात्रभर तसंच ठेवू नका. मुंबईच्या जुलैत घासून पुसलेल्या पोलादावर सकाळपर्यंत तांबूस छटा येते. नव्या गिअरना ऑईलचा हात फिरवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि इंजिनाचं तोंड ऑईल लावलेल्या स्वच्छ कापडाने झाका. धागे सुटणारं कापड वापरू नका.

उघडणं

इंजिन पूर्ण थंड हवं. ऑईल काढून घ्या. बुलेटमध्ये ऑईलची टाकी क्रँककेसच्याच पोटात असते, त्यामुळे खालचे सगळे ड्रेन बोल्ट उघडा आणि थोडा वेळ द्या. बेंड पाइप, सायलेन्सर आणि उजवा फूटरेस्ट आड येत असतील तर उतरवा. बॅटरीची वायर सोडा. स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल.

आता पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना तो सगळ्यात वर असतो त्या जागी, आणा. गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, आणि मागचं चाक हळूहळू पुढे फिरवायचं. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी किंवा लाकडी काडी धरा, ती वर येऊन थांबली की टीडीसी. डिसमिस किंवा लोखंडी सळई आत घालू नका, ती तिरकी अडकली तर पिस्टनला ओरखडा पडतो. त्याच वेळी दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरतायत का पाहा. दोन्ही मोकळे फिरले तर कॉम्प्रेशनची टीडीसी, नाही तर चाक आणखी फिरवून पुढच्या टीडीसीला आणा. तिथे पुशरॉडचे अॅडजस्टर आणखी ढिले करा, म्हणजे कॅमवर स्प्रिंगचा दाब राहणार नाही.

कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, ज्या जागचा स्क्रू त्या जागी भोक पाडून खोचा. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट केला की अॅल्युमिनियमचे आटे जातात. कव्हर निघत नसेल तर नायलॉनच्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोका. फटीत डिसमिस घालून उचकटू नका. त्या एका ओरखड्यातून गाडी पुढे वर्षानुवर्षं ऑईल गाळते.

कव्हर सरळ बाहेर ओढा आणि एक हात आत ठेवा. कॅम त्याच्यासोबत येऊ शकतात. कॅमच्या मागे-पुढे ज्या चकत्या असतील त्या कोणत्या कॅमच्या, कोणत्या बाजूच्या, हे लगेच लिहून ठेवा. मग मोबाइलवर सरळ समोरून, उजेडात फोटो काढा. फोटोवर भिस्त ठेवून थांबू नका: जिथे जिथे दोन गिअर भेटतात तिथे दोघांच्या दात्यांवर नेलपॉलिशचे ठिपके द्या. डिस्ट्रिब्युटरसुद्धा याच रांगेतून फिरतो, त्याच्या गिअरवरही खूण करा.

उलटे आटे

क्रँकच्या टोकावर पिनियनच्या पुढे एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, आहे. तो ऑईल पंप फिरवतो आणि त्याचे आटे उलटे असतात. म्हणजे सोडताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. पाइप लावून जोर करण्याआधी हे वाक्य परत वाचा. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर आटे जातात किंवा क्रँकचं टोक दुखावतं, आणि मग इंजिन पूर्ण उघडण्याची वेळ येते.

वर्म निघाला की क्रँकचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. इथे कसलाही प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागला तर थांबा, मेन बेअरिंगचं काम आधी. ते ठीक असेल तर पुलरने पिनियन ओढा. क्रँककेसवर टॉमी (लोखंडी सळई) टेकवून पिनियन उचकटणारे मिस्त्री पाहिलेत, पण तुम्ही ते करू नका, केस अॅल्युमिनियमची आहे. पिनियनच्या खोबणीतली चावी सांभाळा.

कॅम ज्या स्पिंडलवर फिरतात ते पुसून त्यांच्यावर नख फिरवा. खालच्या बाजूला पायरी लागली तर स्पिंडल झिजलाय. तो केसमध्ये घट्ट बसवलेला असतो आणि बदलायला केस गरम करावी लागते, ते काम मिस्त्रीकडे द्या. टॅपेटचा तळ टॉर्चच्या उजेडात बघा. तिथे खड्डे असतील तर नवा कॅम त्यांच्यावर घासून बघता बघता खराब होईल.

जुळणी

आता खरं काम. आतली जागा स्वच्छ पुसा, जुन्या पॅकिंगचा चिकटलेला भाग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. नवा पिनियन चावीसह बसवा, वर्म तात्पुरता हाताने घट्ट करा. मग ऑईल लावून कॅम स्पिंडलवर चढवा. या वेळी खुणांकडे लक्ष देऊ नका, अजून टायमिंग लावायचं नाही. टॅपेट वर उचलून धरा किंवा पुशरॉड काढून ठेवा, म्हणजे गिअरवर फक्त गिअरचाच भार राहील.

एक गिअर स्थिर धरा आणि त्याला भिडलेला दुसरा मागे-पुढे हलवा. दात्याला दाता लागल्याची अगदी हलकी टिक बोटाला जाणवली पाहिजे, पण गिअर हललेला डोळ्यांना दिसता कामा नये. डायल गेज असेल तर उत्तम, नसेल तरी बोटं हे काम शिकतात. ही टिक एका जागी बघून थांबायचं नाही. क्रँक थोडा फिरवा, पुन्हा बघा, आणखी थोडा फिरवा, पुन्हा बघा. कॅमचा पूर्ण एक फेरा, म्हणजे क्रँकचे दोन फेरे होईपर्यंत हे करायचं. बाजारातल्या गिअरचा नेहमीचा दोष असा की भोक अगदी मध्यावर नसतं, त्यामुळे तो एका बाजूला घट्ट आणि समोरच्या बाजूला सैल लागतो. एकाच जागी तपासणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही.

कुठल्याही एका जागी टिक पूर्ण नाहीशी होत असेल आणि गिअर ओढून फिरवावा लागत असेल, तर तो गिअर नको. परत करा. काहीजण म्हणतील, "गरम झालं की सुटेल." त्यात अर्धं सत्य आहे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन तापल्यावर केस पसरते, स्पिंडल एकमेकांपासून किंचित लांब जातात आणि दात्यांमधली फट वाढते. म्हणूनच थंड इंजिनात फट अगदी कमी असली तरी चालते. पण शून्य असून चालत नाही. पहिल्या किकला इंजिन थंडच असतं आणि घट्ट दाते स्पिंडलला बाजूला ढकलत राहतात.

दुसरा सल्ला मिळेल तो व्हॉल्व्ह घासायची पेस्ट दात्यांना लावून इंजिन फिरवण्याचा. हे मुळीच करू नका. ती पेस्ट म्हणजे कठीण कणांचा लेप. दात्यांच्या मुळाशी, स्पिंडलच्या फटीत ती बसून राहते आणि तेच ऑईल पुढे बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगला) जातं. दाते कानशीने घासणं तर त्याहून वाईट. घट्ट गिअरवर एकच इलाज, दुसरा गिअर. म्हणून खरेदीच्या वेळीच दुकानदाराशी बोलून ठेवा की जुळलं नाही तर न वापरलेला सेट बदलून मिळेल. ओळखीचा दुकानदार दोन-तीन सेट समोर ठेवून त्यातून निवडू देतो, आणि त्या मोकळेपणासाठी चार पैसे जास्त गेले तरी मी ते देतो.

सैल गिअरचं काय? टिकेऐवजी खटका लागत असेल आणि गिअर हललेला दिसत असेल, तर आधी जुना गिअर त्याच स्पिंडलवर लावून तुलना करा. नवा जुन्याइतकाच सैल असेल तर झीज गिअरमध्ये नव्हतीच, ती स्पिंडलमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे. हे कळणं ही मोठी गोष्ट आहे, कारण तिथे पैसे वाचतात.

दात्यांची फट जमली की आडवा प्ले बघा. कॅम स्पिंडलवर आत-बाहेर किंचित सरकला पाहिजे, पण कव्हर लावल्यावर चिमटला जाता कामा नये. यासाठी मुलांच्या खेळण्यातली माती उपयोगी पडते. कॅमच्या पुढच्या चेहऱ्यावर तिची छोटी गोळी ठेवा, कॅम आत ढकला, नवं पॅकिंग लावून कव्हर सगळ्या स्क्रूंनी बसवा, पुन्हा काढा आणि चपटी झालेली माती व्हर्निअरने मोजा. माती पूर्ण पिळून निघाली असेल तर कॅम कव्हरला लागतोय, चकती बदला. जाड थर उरला असेल तर कॅम आडवा पळून कव्हरवर आपटेल, तिथे चकती वाढवा. मातीचा कणही मागे ठेवू नका.

खुणा लावणं

आता सगळे गिअर पुन्हा ऑईलने माखून, पिस्टन टीडीसीला ठेवून, खुणा जुळवत बसवा. पिनियनची खूण कॅमच्या खुणेला, कॅमची खूण त्याच्या शेजारच्या कॅमच्या खुणेला समोरासमोर आली पाहिजे, आणि हे डोळा गिअरच्या अगदी समोर ठेवून बघायचं. तिरकं पाहिलं की एका दात्याचा फरक लपतो. नव्या गिअरच्या खुणा आणि तुमच्या फोटोतली जुनी रचना दोन्ही ताडून घ्या. वर्म उलट्या आट्यांनी, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध दिशेने घट्ट करा.

पुशरॉड जागेवर आणा, टॅपेट साधारण सेट करा आणि मागच्या चाकाने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. किक मारू नका. कुठेही धातूला धातू लागल्यासारखं अडलं तर तिथेच थांबा, जोर करू नका, एक दाता चुकला असण्याची दाट शक्यता आहे. फिरवताना खुणांशिवाय होणारी एक पक्की चाचणी करा. एका टीडीसीला दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरले पाहिजेत. त्यापुढच्या टीडीसीच्या आसपास एक्झॉस्टचा पुशरॉड खाली येत असताना इनलेटचा वर चढायला लागला पाहिजे, आणि दोघांची ही अदलाबदल टीडीसीच्या अगदी जवळ व्हायला हवी. ती बरीच आधी किंवा बरीच उशिरा होत असेल तर खुणा कितीही जुळलेल्या दिसू देत, टायमिंग चुकलेलं आहे.

बंद करताना

कव्हरमधून ऑईल क्रँकच्या टोकात शिरतं आणि तिथून बिग एंडला पोचतं. त्या सांध्यावर ती छोटी सील बसते. जुनी सील पुन्हा वापरली किंवा नवी दुमडून बसली, तर ऑईल बिग एंडला न जाता बाजूला सांडतं, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. सील नवीच हवी, ऑईल लावून, सरळ. कव्हर चढवताना पंपाचा स्पिंडल वर्मच्या दात्यांत बसायला हवा. कव्हर शेवटच्या काही मिलीमीटरवर अडलं तर स्क्रूने ओढू नका, इंजिन किंचित फिरवा, ते आपोआप आत जाईल.

स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे, हाताने घट्ट करा. नवा फिल्टर बसवताना त्याची जागा ऑईलने भरा. गिअरवर आधीच भरपूर ऑईल ओतलेलं असावं. मग टाकीत २०डब्ल्यू५० ऑईल भरा, सुमारे सव्वादोन लिटर बसतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा.

टॅपेट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला: वर-खाली प्ले नाही, पण पुशरॉड बोटांनी फिरतोय. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. गिअरची रांग हलल्यामुळे इग्निशन टायमिंग पुन्हा लावावंच लागेल, पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिमी आधी असताना पॉइंट नुकते उघडायला हवेत. पॉइंटमध्ये पातळ कागद धरा, तो जिथे सुटतो ती वेळ. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर त्याच्या पत्रकाप्रमाणे जा.

सुरू करताना

प्लग बाहेर ठेवून बऱ्याच किका मारा, म्हणजे पंप ऑईल ओढू लागेल. मग प्लग लावून इंजिन सुरू करा आणि रॉकरकडे जाणाऱ्या ऑईल पाइपचा बँजो बोल्ट (ज्याच्या आतून ऑईल जातं तो पोकळ बोल्ट) किंचित सैल करा. एक-दोन मिनिटांत तिथून ऑईल झिरपायला हवं. आलं नाही तर इंजिन बंद. पुन्हा सुरू करून वाट बघत बसू नका, कव्हर उघडून पंप आणि सील तपासा.

ऑईल येतंय याची खात्री झाली की बोल्ट घट्ट करा आणि गाडी आयडलिंगला उभी ठेवू नका. कमी आरपीएमला पंप हळू चालतो आणि नव्या कॅमला टॅपेटखाली सर्वात जास्त ऑईल याच वेळी हवं असतं. लगेच फिरवून आणा. सकाळी लवकर आरेच्या रस्त्यासारखा वाहता रस्ता बरा. संध्याकाळी एलबीएस मार्गावर कुर्ला ते घाटकोपर रांगेत अडकलात तर हवेवर थंड होणारं इंजिन नुसतं तापेल. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नको, वेग कमी-जास्त करत राहा.

परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि टॅपेट पुन्हा बघा, ते थोडे बदललेले असतात. कव्हरची कड पुसून कागद लावा, ऑईल कुठून येतंय ते कळेल. नवे गिअर सुरुवातीला थोडा सूर लावतात. तो पुढच्या काही दिवसांत उतरत जायला हवा. चढत गेला तर वाट न पाहता कव्हर उघडा.

पाचशे किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदला. काढलेल्या ऑईलमधून चुंबक फिरवा. त्यावर काळपट मऊ लेप आला तर तो दाते बसण्याचा भाग आहे. चमकणारी कुस किंवा तुकडा हाताला लागला तर गाडी तिथेच उभी करा. जुना सेट तोपर्यंत भंगारात देऊ नका, ऑईल लावून, कोणता गिअर कुठला ते लिहून ठेवा, तुलना करायला तोच लागेल.